गाडीपुढे चालणारा माणूस

पहाटे ५.३०

लून लेकच्या काठावर ऑगस्टातही पहाटे तोंडातून वाफ निघते. इथली उंची १,९५० मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून तीनशे मीटर वर. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेचा हा पश्चिम उतार. इथून रुबिकॉन ट्रेल पूर्वेला लेक टाहोकडे, टाहोमा गावापर्यंत जातो. पूर्ण मार्ग पस्तीसेक किलोमीटरचा, त्यातला खरा खडकाचा तुकडा एकोणीस-वीस किलोमीटरचा. एवढ्यासाठी आमचा आख्खा दिवस जाणार आहे.

कागदोपत्री हा रस्ता आहे. एल डोराडो काउंटीने १८८७ मध्ये तो सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर केला आणि आजही तो काउंटीचाच आहे. प्रत्यक्षात मात्र त्यावर फ्रीजएवढे धोंडे पडलेले असतात.

सोमवार ते शुक्रवार मी सॅक्रामेंटोत एका कचेरीत बसून गाड्यांच्या सस्पेन्शनची गणितं करतो. आज शनिवार, आणि आजचं काम स्पॉटरचं. गाडी खडकावर चढत असताना स्पॉटर तिच्यापुढे पायी, तोंड गाडीकडे करून उभा राहतो आणि ड्रायव्हरला जे दिसत नाही ते हातांनी सांगतो. घाटात ट्रक मागे घेताना क्लीनर खाली उतरून ‘येऊ दे, येऊ दे… बास!’ करतो, तेच काम. फक्त इथे ते दिवसभर चालतं आणि टपावर थाप मारता येत नाही.

६.१५

सूर्य उगवतोय आणि तळावर सगळीकडून फुस्स आवाज येतोय. हवा सोडायची वेळ. रस्त्यावर पस्तीस-छत्तीस पौंडांवर चालणारे टायर इथे पंधराच्या आत आणायचे. हवा कमी झाली की टायर खाली पसरतो, त्याचा जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो आणि रबर खडकाच्या कोपऱ्याला कवटाळतं. शिवाय ताठ टायर प्रत्येक दगडावरून उडी मारतो, मऊ टायर तो दगड पोटात घेतो. माझ्या मते खडकावर सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट हीच, आणि ती फुकट आहे.

सहा गाड्या आहेत. सगळ्यांत पुढे आमच्या म्होरक्याची सीजे-५ जीप. म्होरक्या सत्तरीच्या पलीकडचा निवृत्त सुतार. गाडी १९७० च्या दशकातली, वजन दीड टनाच्या आत, टायर ३१ इंची. शेवटून दुसरी गाडी माझ्या ओळखीतल्या सांगलीच्या पोराची. सॅन होजेत सॉफ्टवेअरमध्ये आहे. चार दारांची नवी रँग्लर रुबिकॉन, दोन टन वजनाची, आणि खाली ३७ इंची टायर. उभा राहिला तर टायर त्याच्या मांडीच्या वर येतो.

‘काका, सदतीसला किती ठेवू?’

‘चौदा. बीडलॉक नाहीत ना तुझ्या रिमला? मग दहाच्या खाली जाऊच नकोस, टायर रिमवरून निघेल.’

‘आणि आजोबांचे?’ त्याने सीजेकडे मान वळवली.

‘त्यांची गाडी हलकी आहे. ते दहा-अकरावर चालतात.’

‘एकतीस इंचांवर? रुबिकॉनला?’

हा प्रश्न इथे रोज कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून त्याला थोडा इतिहास सांगितला. १९५३ च्या ऑगस्टमध्ये मार्क स्मिथ नावाच्या माणसाने जॉर्जटाउनहून पहिली ‘जीपर्स जांबोरी’ काढली. ५५ जीप आणि १५५ माणसं. त्या विलीजच्या जीपांना सहा इंच रुंदीचे, सोळा इंची रिमचे लष्करी टायर असत. उंची जेमतेम २८-२९ इंच. आणि ज्या नावाची गाडी हा पोरगा चालवतो ती रँग्लर रुबिकॉन पहिल्यांदा २००३ मध्ये आली तेव्हा कारखान्यातून ३१ च्या आत-बाहेरचा टायर घेऊन आली. २००७ ला ३२ झाला, २०१८ ला ३३, आणि २०२१ पासून ३५ इंची टायर कारखान्यातच बसवून मिळू लागला. वीस वर्षांत वाटेचं नाव तेच राहिलं आणि चाक चार इंचांनी वाढलं.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९५३ ची वाट आणि आजची वाट एक नाही. तेव्हा खडकांच्या फटीत माती होती. मधल्या सत्तर वर्षांत बर्फाच्या पाण्याने आणि चाकांनी ती खरवडून नेली. त्यामुळे ‘आमच्या वेळी साध्या टायरवर जात होतो’ हे खरं असलं तरी आजच्या वादात ते फार उपयोगाचं नाही.

७.१५

निघण्याआधी म्होरक्याचं पाच मिनिटांचं भाषण. प्रत्येक गाडीत तेल शोषणारे पॅड आहेत का? शौचाच्या पिशव्या आहेत का? इथे खड्डा खणून काम भागवता येत नाही, घाण बरोबर परत न्यावी लागते. वाटेतल्या स्पायडर लेकच्या परिसरात एवढी घाण साचली होती की २००४ मध्ये तिथला मुक्काम बंद करावा लागला. २००९ मध्ये पाणी-गुणवत्ता मंडळाने काउंटीला आणि वनखात्याला साफसफाईचा आदेश काढला. तेव्हापासून तेलाचा एक थेंबही इथे खासगी बाब राहिलेला नाही.

मग गाडी चालवण्याचे नियम. पट्टा बांधलेला. अंगठे स्टिअरिंगच्या आत घालायचे नाहीत, कारण चाक दगडाला अडून झटका बसला की आरा अंगठा मोडतो. कोपर खिडकीबाहेर नको. गाडी कलली की माणूस हाताने आधार द्यायला जातो आणि हात गाडीखाली येतो. एका वेळी एकच स्पॉटर. बाकीच्यांनी सल्ले द्यायचे नाहीत, पण ‘थांब’ कुणीही ओरडलं तरी थांबायचं.

डावं-उजवंही इथे चालत नाही. मी गाडीकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा माझं डावं ते ड्रायव्हरचं उजवं. म्हणून ‘ड्रायव्हर’ म्हटलं की ड्रायव्हरच्या बाजूला स्टिअरिंग, ‘पॅसेंजर’ म्हटलं की दुसऱ्या बाजूला.

८.३०

ग्रॅनाइट बोल. डोंगराएवढ्या उघड्या खडकाची परात. नवख्याला इथे सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण बॉनेटपुढे फक्त आकाश दिसतं. खरं तर सगळ्यात सोपा भाग हाच. कोरडा ग्रॅनाइट सॅंडपेपरसारखा खरखरीत असतो, कुठलाही बरा टायर त्याला धरतो. सहाही गाड्या न थांबता वर. मी चालत वर पोहोचलो तेव्हा मीच सर्वांत जास्त धापा टाकत होतो.

१०.००

लिटल स्लूस. खडकांच्या दोन भिंतींमधली अरुंद घळ. टायरचा आकार आणि ड्रायव्हरचा हात यांच्याबद्दल माझं जे मत झालं आहे, त्यातलं निम्मं या घळीने घडवलं.

एके काळी ही घळ साध्या जीपनेही पार होत असे. मग टायर वाढले. मोठ्या टायरवाल्याला घळ सोपी वाटू लागली, म्हणून त्याने ॲक्सिलरेटर दाबून आणखी अवघड रेघ धरली. फिरणाऱ्या चाकांनी दगडांखालची माती उपसली, धोंडे सरकले, पायऱ्या उंच झाल्या. लहान टायरवाल्यांना जागाच उरली नाही, ते बाजूने नवी वाट काढून जाऊ लागले. आत गाड्या उलटायच्या, तेल सांडायचं, आणि काठावर बसून लोक बिअर पीत तमाशा बघायचे. शेवटी २०१२ मध्ये काउंटीने इथले मोठे धोंडे फोडून टाकले. बरेच जण अजून त्यावर चिडलेले आहेत. मी चिडलेलो नाही. जी वाट फक्त चाळीस इंची टायरसाठी उरली होती, ती सार्वजनिक रस्ता म्हणवून घेण्याच्या लायकीची नव्हती.

फोडली तरी घळ घळच आहे. मधल्या पायरीशी मी उभा राहिलो. ड्रायव्हरच्या बाजूला ती पायरी साधारण दहा इंच उंच. पॅसेंजरच्या बाजूला एक चपटा दगड आधीच पडलेला, त्यावर चाक गेलं तर उरते सात इंच. पण ती रेघ धरायची तर गाडी आधी भिंतीला चार बोटांवर न्यावी लागते, आणि तेवढं जवळ जायला धीर लागतो.

म्होरक्याने धीर केला म्हणणं चूक, कारण त्याला ते दिसतच होतं. सीजे भिंतीला चिकटून आली. चाक चपट्या दगडावर, क्षणभर थांबली, मग इंजिनाचा आवाज न बदलता वर. कुठेही चाक फिरलं नाही, एक खडा उडाला नाही.

सांगलीच्या पोराला मी उतरायला लावलं.

‘सदतीस आहेत हो काका. उतरायचं कशाला?’

‘गाडीत बसून जे दिसत नाही ते बघायला. पायांनी चाल ही पायरी.’

तो नाइलाजाने उतरला, बघितलं न बघितलं करून परत चढला आणि सरळ दहा इंचांच्या बाजूने आला. आणि चढला! पहिल्या धडकेत पुढची चाकं वर, दुसऱ्यात मागची. दोन्ही वेळा चाकं फिरली, मागे मुठीएवढे दगड उडाले. काठावरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. तो हसत मला अंगठा दाखवत पुढे गेला.

इथे माझी अडचण समजून घ्या. तो चुकला असं म्हणता येत नाही, गाडी तर वर गेली. मोठा टायर चूक पोटात घालतो. म्हणूनच तो घ्यावासा वाटतो आणि म्हणूनच तो काही शिकू देत नाही. उडालेले दगड मात्र मागच्या गाडीच्या वाट्याला येतात. त्या उपटलेल्या दगडांपैकी दोन मी परत पायरीशी लावले आणि पुढच्याला हाक दिली.

१२.१५

बक आयलंड लेकवर जेवण. म्होरक्याने दिलेलं सँडविच, माझ्याकडच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पोराने चटणीवर ताव मारला.

‘काका, एक सांगा. गणिताने बघितलं तर मोठा टायर चांगला की नाही?’

गणिताने बघूच, म्हटलं. त्याने फोन काढला. आधी सोपा हिशेब: टायरची उंची चार इंचांनी वाढली तर डिफरन्शियलच्या गोळ्याखालची जागा दोनच इंचांनी वाढते, कारण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो. म्हणजे ३१ वरून ३७ ला गेलात तर मिळाले तीन इंच. तीन इंच काही कमी नाहीत. पण चाक दगडाच्या बाजूने नेण्याऐवजी दगडावरच चढवलं तर तो दगड गोळ्याखाली येतच नाही, आणि तिथे टायर कितीचा हा प्रश्नच मिटतो. नवखा ड्रायव्हर दगड दोन चाकांच्या मधे घेतो. जाणता तो चाकाखाली घेतो.

मग पायरीचा हिशेब. चाक अगदी गोल आणि न दबणारं धरा. पायरीच्या कोपऱ्याशी चाक टेकतं तिथे त्याला किती खड्या चढावाला भिडावं लागतं, तो कोन काढायचा. ३१ इंची चाक, दहा इंची पायरी: ६९ अंश. ३७ इंची चाक, तीच पायरी: ६३ अंश. सहा इंच टायर वाढवून सहा अंश मिळाले.

‘आता ३१ इंची चाक आणि सात इंचांची पायरी काढ.’

त्याने आकडे टाकले. ५७ अंश.

तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. ‘म्हणजे आजोबांच्या चाकाला ती पायरी माझ्यापेक्षा सोपी होती?’

‘भिंतीजवळून गेले म्हणून.’

खऱ्या टायरमध्ये हवा कमी असते, तो कोपऱ्यावर दबतो, त्यामुळे सगळेच कोन यापेक्षा सौम्य होतात. पण तुलना तीच राहते. तीन इंच कमी उंचीची रेघ शोधणं हे सहा इंच मोठा टायर घेण्याइतकं, किंबहुना त्याहून जास्त मोलाचं ठरतं.

म्होरक्याला मराठी कळत नाही, पण फोनवरचे आकडे कळले. त्याने सीजेच्या ॲक्सलकडे बोट दाखवून सांगितलं की माझ्या दोन्ही लॉकरांची किंमतही त्या हिशेबात धरा. ते रास्त होतं. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेलं की ते नुसतं फिरत राहतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक थंड बसतं. लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधतो. ३१ इंची टायर, पण लॉकर नाहीत, अशी गाडी आज इथे आली असती तर नुसत्या हाताच्या कौशल्यावर सकाळपासून तिची बरीच ओढाओढ झाली असती. ‘गाडी नाही, ड्रायव्हर’ असं छाती काढून सांगणाऱ्यांच्या गाडीखाली एकदा वाकून बघावं. बहुतेक वेळा तिथे लॉकर असतो.

२.००

बिग स्लूस. लांबलचक उतार, झाडांच्या मधून, मोठमोठ्या गोट्यांवरून. चौथ्या क्रमांकाची गाडी इथे मोडली.

ती २००७ नंतरच्या पिढीची रँग्लर, साध्या श्रेणीची. कारखान्यातून २९ इंची टायर आणि पुढे डेना ३० नावाचा हलका ॲक्सल घेऊन आलेली. मालकाने टायर ३५ इंची केले, ॲक्सल तसाच ठेवला. त्याचं पुढचं चाक दोन गोट्यांच्या बेचक्यात बसलं. मी हात वर करून ‘थांब’ची खूण केली. त्याने स्टिअरिंग शेवटापर्यंत वळवलेलं होतं आणि त्याच अवस्थेत ॲक्सिलरेटर दाबला. आधी चाक थरथरलं. मग बंदुकीच्या गोळीसारखा आवाज.

ॲक्सलच्या सांध्यातला क्रॉस तुटला होता. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना ॲक्सलचा क्रॉस सगळ्यात कमजोर असतो. वर टायर वाढवलेला: खडकावर चाकाची पकड तेवढीच धरली तर २९ च्या जागी ३५ इंची टायर ॲक्सलवर वीस टक्के जास्त पीळ टाकतो. चाकाची तरफच लांब झाली ना! आणि जड टायर उसळून पुन्हा आपटला की तो पीळ एका झटक्यात येतो. मोठा टायर पायरीवर जे देतो ते असं दुसरीकडून वसूल करतो: क्रॉस, टाय रॉड, बॉल जॉइंट, स्टिअरिंग बॉक्स. गिअरचाही तोच प्रकार. सांगलीच्या पोराच्या ऑटोमॅटिक गाडीचा सगळ्यात हळू गिअर कारखान्यातून ७७ ला १ होता. ३३ च्या जागी ३७ टायर लावले आणि क्राउन-पिनियन बदलले नाहीत, की तोच प्रत्यक्षात ६९ होतो. खडकावर हळू चालण्याची जी ताकद विकत घेतली, त्यातला दहावा हिस्सा टायरने परत नेला.

तुटलं ते सांगून फायदा नव्हता, बदलायचं होतं. मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला. चाक काढलं, ब्रेकचं कॅलिपर तारेने टांगलं, डिस्क बाजूला. छत्तीसचा नट एकट्याने सुटेना, पाइप घालून दोघे लोंबकळलो. मग हबचे तीन बोल्ट, हब गंजाने चिकटलेला, हातोड्याने हलवून हलवून काढला. ॲक्सलचा दांडा बाहेर ओढताना गिअर ऑइल येणार हे माहीत होतं, म्हणून आधीच खाली पॅड पसरले. तरी पेलाभर आलं. पॅडने प्यायलं, पॅड पिशवीत, पिशवी डब्यात.

नशीब, मालकाकडे जादा दांडा होता. सकाळी म्होरक्याने विचारलेल्या प्रश्नांत तो एक होता. सव्वा तासाने गाडी पुन्हा उभी राहिली. अंगावर धूळ, ग्रीस आणि डास.

या सगळ्या वेळात पोरगा माझ्याशेजारी पाने द्यायला बसला होता. नंतर त्याने उताराचा उरलेला तुकडा वेगळ्या तऱ्हेने केला. इथे एका जागी गाडी पॅसेंजरच्या बाजूला चांगलीच कलते आणि खाली झाडाचा बुंधा आहे. कलण्याच्या जागी मोठा टायर उपयोगी पडत नाही, उलट गाडीचं वजन वर नेतो. तो आपण होऊन उतरला, बुंध्यापासून गाडीपर्यंत चालून गेला, परत बसला, डावा पाय ब्रेकवर ठेवला.

‘ड्रायव्हर… ड्रायव्हर… थांब. आता एवढंसं पॅसेंजर. सोड. सोड. थांब.’

ब्रेक धरून ठेवत, तो किंचित सैल करत, चाक दगडावरून उतरवायचं. ते दगडावरून पडता कामा नये. या तुकड्यात तो माझ्या हातांखेरीज कशाकडेही बघत नव्हता. बुंधा दोन वितींवर राहिला.

४.१५

रुबिकॉन स्प्रिंग्ज. नदी, सपाट जागा, सावली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे खनिज पाण्याच्या झऱ्यांपाशी चक्क हॉटेल होतं आणि टाहोच्या बाजूने घोडागाडीने पाहुणे येत. लोक इथे मुक्काम करतात. आम्हाला उशीर झालेला, म्हणून फक्त डोकं भिजवलं आणि निघालो.

४.४५

कॅडिलॅक हिल. चढावरून खाली गेलेल्या एका जुन्या कॅडिलॅकच्या सांगाड्यावरून नाव पडलेला हा चढ. अरुंद, सुटे दगड, एका बाजूला खोल.

इथे सांगलीच्या पोराचा दिवस होता. चढ खडा असला की सीजेसारखी आखूड गाडी पुढून हलकी होते. तिच्या चाकांमधलं अंतर ८४ इंचांच्या आत, त्याच्या चारदारीचं ११८. आखूड गाडीचं पोट दगडावर टेकत नाही, वळण सहज बसतं. पण चढावर तीच गाडी घोड्यासारखी पुढचे पाय उचलायला बघते. वर, एका पायरीवर, म्होरक्याची रेघच संपली. बाजूला तीन इंच कमी असलेली जागा नव्हती, भिंतीजवळ जायला भिंत नव्हती. जी पायरी होती ती समोर होती, वर ओल होती, आणि ३१ इंची चाक तिच्यावर चढेना. त्याने दोनदा हळू प्रयत्न केला. तिसऱ्यांदा वेग घेऊन बघता आला असता. त्याने घेतला नाही. इंजिन बंद केलं आणि हात बाहेर काढून ओढायचा पट्टा मागितला.

पोराला आधी पुढे काढलं. सदतीस इंची टायर, लांब गाडी, खाली लॉकर. मी फक्त चाकं सरळ ठेव म्हणून सांगितलं. गाडी त्या ओल्या पायरीवरून चढून गेली, ॲक्सिलरेटरवर पायही जोरात नव्हता. इथे टायरच जिंकला आणि त्यात ड्रायव्हरचा काही वाटा नव्हता. मग त्याच्या मागच्या हुकला पट्टा लावून सीजे वर ओढली. बाकी सगळे पट्ट्यापासून लांब उभे, कारण ताणलेला पट्टा तुटला तर तो कुणाला मोजत नाही.

म्होरक्या वर आल्यावर पोराशी हात मिळवून एवढंच म्हणाला की पुढच्या वर्षी बहुतेक ३३ घेईन. ही गंमत नव्हती. मला त्याचं ते वाक्य दिवसभरातल्या त्याच्या सगळ्या चालवण्याइतकंच आवडलं. वाट बदलली आहे, आपल्या टायरची हद्द कुठे आहे हे त्याला इंचात ठाऊक आहे, आणि ती आली तेव्हा त्याने वेगाच्या जोरावर ती ओलांडायचा हट्ट केला नाही. हद्द ओळखणं हेही कौशल्यच; आणि ती ओळखूनही वर जायला शेवटी कुणाचा तरी मोठा टायर लागला, हेही तितकंच खरं.

पुढे व्ही रॉकच्या वळणाला दरीच्या बाजूने एकेक गाडी काढली. तिथे मी कुणाशी एक शब्दही जास्त बोललो नाही.

६.४५

ऑब्झर्व्हेशन पॉइंट. अवघड भाग संपला. मागे वळून बघितलं तर रुबिकॉन नदीचं खोरं आणि आम्ही आलो तो सगळा राखाडी खडक. फोटो काढले, पाणी प्यायलो. इथून पुढे धूळ आणि माती, गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये गेल्या.

८.१५

टाहोमा. डांबर लागलं. आता तेच टायर पुन्हा भरायचे. सीजेचे चारही भरून झाले तरी पोराचा दुसराच चालू होता. सदतीस इंची टायर हवाही तेवढीच पितो.

कॉम्प्रेसरच्या आवाजात त्याने विचारलं, ‘काका, मग ३७ काढून टाकू?’

‘काढू नकोस. क्राउन-पिनियन बदल, टाय रॉड जाड घाल, आणि पुढच्या वेळी माझ्याबरोबर पायी ये. गाडी घरी ठेवून.’

‘दिवसभर पायी?’

‘दिवसभर.’

पुण्या-कोल्हापुराकडे थार घेऊन सह्याद्रीतल्या वाटांवर जाणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं. थारला कारखान्यातून येणारा १८ इंची रिमचा टायर उंचीला ३१ इंच भरतो, म्हणजे २००३ च्या रँग्लर रुबिकॉनच्या टायरहून किंचित मोठाच. गॅरेजवाला पहिल्याच दिवशी ३३ किंवा ३५ दाखवेल. त्याआधी हवा मोजायचं मीटर आणि लहान कॉम्प्रेसर घ्या, ओढायचा चांगला पट्टा घ्या, आणि एक पावसाळाभर आहे त्याच टायरवर, गाडीपुढे एक माणूस पायी ठेवून चालवा. त्यानंतरही पोट कुठे घासतंय आणि चाक कुठे अडतंय याची यादी तुमच्याकडे असेल, तर त्या यादीप्रमाणे टायर घ्या. त्याच दिवशी ॲक्सलकडेही बघून घ्या.